‘संशोधनाचा विषय’ या रकान्यात काय लिहू?

पत्र

मॅडम, मी सांगली जिल्ह्यातली. एमएस्सी संख्याशास्त्राची शेवटची परीक्षा महिन्यावर आली आहे. सेट, म्हणजे राज्याची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, पास झाले आहे. आमचे सर म्हणतात, पीएचडी कर, प्राध्यापक हो. पुण्याच्या एका कंपनीत डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरीही मिळाली आहे, जुलैत रुजू व्हायचंय. बाबांचं किराणा दुकान आहे, भावाच्या इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिली आहेत. घरचे म्हणतात, तुझं तू ठरव. पीएचडीचा अर्ज भरायला बसले आणि ‘संशोधनाचा विषय’ या रकान्यापाशी पेन थांबलं. पुण्यामुंबईपासून अमेरिकेपर्यंत प्राध्यापकांच्या नावापुढे काय काय लिहिलेलं असतं: बेजियन इन्फरन्स, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस, सॅम्पलिंग, डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स. यातलं एकही नाव मला माझं वाटत नाही. पेपर सगळे बरे जातात, पण जीव कशातच अडकत नाही. प्रकल्पातही गुण कमी पडले, कारण आरोग्य केंद्रातल्या बाळांच्या वजनांच्या नोंदी घेतल्या होत्या आणि मी त्या ‘अडीच किलो’पाशीच अडकून बसले. पुढचं मॉडेल वेळेत झालंच नाही. जिला आवडच नाही तिने पीएचडी करावी का?

— एक विद्यार्थिनी

उत्तर

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘जीव कशातच अडकत नाही’ असं लिहिलंस आणि लगेच पुढे ‘अडीच किलोपाशीच अडकून बसले’ असंही लिहिलंस. ही दोन वाक्यं एकमेकींशेजारी ठेवून तूच पुन्हा एकदा वाच. मी त्यांच्याकडे परत येणारच आहे.

आधी त्या याद्यांबद्दल. प्राध्यापकाच्या नावापुढची ‘संशोधनाची आवड’ ही वीस-पंचवीस वर्षांचं काम झाल्यावर लावलेली पाटी असते. तुझ्या वयाचे असताना त्यातल्या बहुतेकांच्या हातात एवढंच होतं: गणित बरं येतं आणि पोटापाण्याचं काहीतरी बघायचंय. विषय त्यांना नंतर भेटला, आणि तो बहुधा दुसऱ्याच कुणीतरी आणून दिला. मी तीसएक वर्षं हा विषय शिकवला. मोठमोठ्या संख्याशास्त्रज्ञांची आयुष्यं वाचली, आजूबाजूच्या सहकाऱ्यांचीही पाहिली. घरातूनच विषय ठरवून निघालेला माणूस मला क्वचितच भेटला.

सी. आर. राव यांचंच घे. ज्यांच्या नावाची असमानता तू परीक्षेत सिद्ध करतेस, तेच. सैन्याच्या सर्वेक्षण विभागात गणितज्ञाची जागा आहे म्हणून हा विशीतला मुलगा कलकत्त्याला मुलाखतीला गेला. नोकरी मिळाली नाही. पण ज्या हॉटेलात उतरला होता तिथे भारतीय संख्याशास्त्र संस्थेत प्रशिक्षणाला आलेला एक जण भेटला. त्याच्याकडून संस्थेची माहिती कळली आणि १९४१ च्या जानेवारीत राव तिथे दाखल झाले. संख्याशास्त्राची आवड म्हणशील, तर ती हॉटेलातल्या ओळखीतून सुरू झाली.

पुढची गोष्ट तर आपल्या घरची आहे. राव कलकत्ता विद्यापीठात अंदाजाचा सिद्धांत शिकवत होते. नमुना खूप मोठा असेल तेव्हा अंदाज किती नेमका असू शकतो, हे इंग्लंडचे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचं सूत्र त्यांनी फळ्यावर मांडलं. वर्गातला एक विद्यार्थी म्हणाला, मर्यादित नमुन्यासाठी हे का सिद्ध करत नाही? राव घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सिद्धता मांडली. अंदाज निःपक्ष, म्हणजे सरासरीने खऱ्या किमतीवर बसणारा हवा असेल, तर कितीही हुशारी केली तरी त्याचं विचरण, म्हणजे विखुरणं, एका मर्यादेच्या खाली नेता येत नाही. १९४५ साली ते छापून आलं. स्वीडनच्या हॅराल्ड क्रामेर यांनीही स्वतंत्रपणे तेच दाखवलं, म्हणून आज आपण क्रामेर-राव म्हणतो. आणि तो विद्यार्थी कोण? वि. म. दांडेकर. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेत ज्यांनी नीळकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास केला, तेच. एकाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने उत्तर काढलं, आणि दोघांचे रस्ते पुढे किती वेगळे झाले बघ!

पुढच्याच वर्षी राव केंब्रिजला गेले ते तिथल्या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात काम करायला. सुदानमधल्या जेबेल मोया इथे उत्खननात सापडलेले सांगाडे तिथे होते. त्यांची मापं घ्यायची आणि ही माणसं इतर कुठल्या लोकसमूहांना जवळची होती ते सांगायचं. ते काम करता करता फिशर यांच्या हाताखाली पीएचडी झाली, आणि एकाच वेळी अनेक मापांवरून वर्गीकरण कसं करावं हा आयुष्यभराचा एक विषय त्यातून आला. २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांना संख्याशास्त्राचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले.

आता साताऱ्याकडे ये, तुझ्या शेजारच्या जिल्ह्यात. पांडुरंग वासुदेव सुखात्मे मूळचे बुध गावचे. फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनहून १९३६ मध्ये पीएचडी घेऊन आले, तीही शुद्ध सैद्धांतिक विषयात. इथे कृषी संशोधन परिषदेत काम सुरू झालं आणि प्रश्न समोर आला तो शेतातला: देशात धान्य पिकतं तरी किती?

पीक कापणी प्रयोग पाहिला आहेस का? नसशील तर या सुगीत एकदा कृषी खात्याच्या माणसांबरोबर जा. ज्वारीच्या उभ्या रानात यादृच्छिक आकड्यांवरून एक कोपरा ठरवतात, खुंट्या ठोकतात, सुतळी ताणतात. सुतळीच्या आतलं सगळं कापायचं, मळायचं, वजन करायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण एक ताट बरोबर सुतळीवर उभं असतं. बुंधा बाहेर, कणीस आत झुकलेलं. ते धरायचं की सोडायचं? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत घेतो. कणीस भरलेलं असेल तर हमखास घेतो. चौकोन मोठा असेल तर अशा दोनचार ताटांनी काही बिघडत नाही. पण चौकोन जितका लहान, तितका त्याचा काठ क्षेत्रफळाच्या मानाने मोठा, आणि तितकं उत्पन्न फुगून दिसतं. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक महालनोबिस बंगालमध्ये काही फुटांच्या त्रिज्येचे छोटे गोल कापून अंदाज काढत होते. थोड्या खर्चात पुष्कळ ठिकाणी पोहोचता येतं, असा त्यांचा हिशेब होता. छोट्या वाफ्यांनी उत्पन्न जास्त दिसतं, हे सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात आकडेवारीनिशी दाखवलं. दोन मोठ्या माणसांचा तो वाद चांगलाच गाजला. माझं मत विचारशील तर काठाच्या प्रश्नात सुखात्मे बरोबर होते. महालनोबिसांची मोठी देणगी वेगळी आहे: एवढ्या मोठ्या देशाचे नमुना सर्वेक्षण शिस्तीत करता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

सुखात्मे १९५१ मध्ये रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि प्रश्न पिकावरून पोटावर आला. माणसाला किती उष्मांक लागतात? त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, शरीर कमीजास्त खाण्याशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेतं. म्हणून सरासरी गरजेच्या खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरला, तर आकडा फुगतो. पुण्यात परतल्यावरही ते हे मांडत राहिले, आणि त्यावर त्यांच्याशी कडाडून वाद घालणाऱ्यांत दांडेकरही होते. गरिबांची भूक कागदावर कमी करून दाखवण्याचा धोका त्यात आहे, हा आक्षेप मला आजही गंभीर वाटतो. पण इकडे लक्ष दे: शेतातली सुतळी असो की सरासरी उष्मांकाची रेघ, माणूस एकच प्रश्न घेऊन चाळीस वर्षं चालला. मोजताना रेघ कुठे मारली, आणि रेघेच्या काठावरच्यांचं काय झालं?

कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे शिकले. जेफ्रीज यांचं मोठं काम भूकंपलहरींवर आणि पृथ्वीच्या अंतरंगावर, तरी संभाव्यतेवरही त्यांनी मूलभूत लिहिलं. ते शिक्षण घेऊन आलेल्या हुजूरबाजारांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. महाराष्ट्रातल्या कितीतरी संख्याशास्त्र शिक्षकांची गुरुपरंपरा त्या विभागापर्यंत जाते. तुझ्या सरांनाही विचारून बघ.

आणि शरदचंद्र श्रीखंडे. नागपूरला शिकवत होते, मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला आर. सी. बोस यांच्याकडे पीएचडी केली. शेतात वेगवेगळी खतं आणि बियाणी आजमावताना प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक प्रकार एकदाच यावा, अशी मांडणी करतात ना, तो लॅटिन चौरस. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवले तर प्रत्येक जोडी नेमकी एकदाच येईल का? ऑयलर या थोर गणितज्ञाने १७८२ मध्ये म्हटलं होतं की सहा, दहा, चौदा अशा आकारांत हे शक्यच नाही. सहाच्या बाबतीत तो बरोबर निघाला. बाकी सगळीकडे तो चुकला होता, हे १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं, आणि न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. पुढे श्रीखंड्यांनी मुंबई विद्यापीठात गणिताचा विभाग उभारला. त्यांच्या नावापुढे ‘कॉम्बिनेटोरिक्स’ लिहिलेलं वाचलंस तर तुला वाटेल, किती अमूर्त! पण त्याचं मूळ खत आणि बियाण्यात आहे.

माझंही सांगते, कारण तू तेच विचारते आहेस. मी अधिव्याख्याता झाले तेव्हा मलाही विषय नव्हता. एक दिवस क्षयरोगाचे एक डॉक्टर रुग्णांची वही घेऊन विभागात आले. औषध लागू पडायला किती दिवस लागतात, ते काढून हवं होतं. वहीत जवळजवळ तिसरा हिस्सा रुग्णांपुढे शेवटची तारीख आणि नुसती रेघ. यायचेच थांबलेले. डॉक्टर म्हणाले, हे वगळा. मी पेन्सिल घेऊन बसले आणि हात चालेना. हे लोक बरे होऊन गेले, की दमून गेले, की वारले? वगळलं तर प्रत्येक वेळी उत्तर वेगळ्या बाजूला झुकत होतं. माझ्या सरांनी ग्रंथालयातून डेव्हिड कॉक्स यांचा १९७२ चा निबंध काढून हातात ठेवला. निरीक्षण अर्धवट राहिलं, तरी तो माणूस अमुक दिवसापर्यंत आपल्या नजरेत होता ही माहिती वाया जाऊ द्यायची नाही, हे त्यात नेटकेपणाने बसवलं होतं. ते कॉक्स स्वतः तरुणपणी लीड्सला लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत सुताच्या प्रश्नांवर काम करत होते! नंतर माझ्या नावापुढे ‘सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस’ लागलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अजूनही त्या वहीतल्या रेघाच येतात.

आता तुझ्या अडीच किलोकडे येऊ.

जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी वजन म्हणजे कमी वजनाचं बाळ, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेची. तुझ्या नोंदींत बरोबर २५०० ग्रॅमवर बाळांची गर्दी झाली आणि २४०० च्या आसपास खड्डा पडला, असंच ना? तू ते सोडून पुढचं मॉडेल बसवलं असतंस तर गुण मिळाले असते, पण ते मॉडेल ज्या आकड्यांवर उभं राहिलं असतं ते आकडेच झुकलेले होते. तू थांबलीस, ते बरोबर केलंस. गुण देणाऱ्याला ते दिसलं नाही याचं मला वाईट वाटतं.

याला शास्त्रात नाव आहे, हीपिंग म्हणतात. जनगणनेत लोक वय सांगताना शून्य आणि पाचाने संपणारे आकडे सांगतात, ते मोजायला व्हिपलचा निर्देशांक आहे. शंभर म्हणजे कल अजिबात नाही, पाचशे म्हणजे सगळ्यांनीच शून्य किंवा पाच सांगितलं. तुझं प्रकरण त्याहून अवघड आणि म्हणून जास्त चांगलं आहे. इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक, काट्यावर बाळ हलत असतं, सिस्टर जवळचा सोपा आकडा लिहितात. दोन, अडीचच्या खाली लिहिलं की त्या बाळाचं पुढचं सगळं बदलतं. पहिल्याने गर्दी दोन्ही बाजूंनी सारखी ओढली जायला हवी, दुसऱ्याने फक्त खालून वर. नुसत्या नोंदींवरून या दोन्ही वेगळ्या करता येतील का? किती बाळं त्या रेघेवरून पलीकडे गेली आणि त्यांना मिळायला हवी होती ती काळजी हुकली? हा पीएचडीचा प्रश्न आहे, बाळ. सुखात्म्यांच्या सुतळीवरचं ताट आणि तुझ्या वहीतलं अडीच किलोचं बाळ, दोन्ही काठावरच उभे आहेत. अर्जातल्या रकान्यात लिही: ‘मोजमापातल्या चुका आणि आरोग्याच्या नोंदी’. कुणी विचारलं तर हे बाळांचं सांग, विषयाचं नाव सांगू नकोस.

राहिला प्रश्न नोकरीचा. इथे मी स्पष्ट बोलते, कारण तुझ्या घरी भावाची फी आहे.

शिष्यवृत्तीशिवाय पीएचडीला बसू नकोस. सेट पास झालीस याचं कौतुक आहे, पण सेटने फक्त सहायक प्राध्यापक व्हायची पात्रता मिळते, दरमहा पैसे नाही. त्यासाठी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची दरमहाची शिष्यवृत्ती हवी. सीएसआयआरच्या, म्हणजे विज्ञान विषयांच्या, नेटमध्ये संख्याशास्त्राला वेगळी पत्रिका नाही, गणिती विज्ञानांच्या पत्रिकेतच ते असतं, त्यामुळे गणिताचे काही धडे पुन्हा काढावे लागतील. २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडं वेगळं. त्यात तू स्वतःचं भागवून घरी थोडं पाठवू शकशील. ती नसेल तर पीएचडीच्या मुली तासिका तत्त्वावर शिकवायला लागतात. तासाचे पैसे, तेही कधी महिनोन्महिने उशिरा, सुट्टीत काहीच नाही. संशोधन रात्री बारानंतर. माझ्या दोन अतिशय हुशार विद्यार्थिनी त्यात अडकून दमल्या आणि सोडून गेल्या, ते मला आजही सलतं. कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे आणि पगार म्हणून तो छान आहे. पण अनुदानित महाविद्यालयांत त्या जागा भरल्या जायला किती वर्षं लागतात, हे तुझ्या सरांनाही माहीत आहे. ते तुला सांगायला संकोचत असतील.

म्हणून जुलैत नोकरीवर जा. डिसेंबरची नेट दे, जमली नाही तर जूनची. जेआरएफ हातात आली की राजीनामा दे, दोन वर्षं झाली असोत वा सहा महिने. कंपनीतला काळ वाया जाईल असं समजू नकोस. तिथे रोज आकडे येतील, आणि प्रत्येक तक्त्यामागे कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी नोंदवलेलं असेल. ते कोण, हे विचारायची तुझी सवय तिथेही मोडू देऊ नकोस.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावापुढची यादी बघू नकोस. त्यांच्या शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना शोध, त्यांच्याशी फोनवर बोल. किती वर्षं लागली? आता कुठे आहेत? सर महिन्यातून किती वेळा भेटायचे? आपलं नाव न लिहिता विद्यार्थ्याचा निबंध कधी पुढे पाठवला का? एवढ्यावरून कळतं. शक्य असेल तर असा विभाग बघ जिथे डॉक्टर, शेतकीवाले, जंगलखात्याचे लोक आकडे घेऊन येत असतात. पुण्याच्या विभागात अनिल गोरे आणि शरयू परांजपे यांनी परिसरशास्त्रातल्या प्रश्नांवर वर्षानुवर्षं काम केलं, ते अशाच येण्याजाण्यातून. ज्या विभागात दारावर कुणी टकटक करत नाही तिथे विषय मिळायला फार वेळ लागतो. परदेशाचा विचार करायचा झाला तर अमेरिकेतले बरेच विभाग पीएचडीला फी माफ करून शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन देतात, पण त्याचं नंतर बघू. आधी नेट.

आईबाबांना हेच आकडे कागदावर लिहून दाखव. दुकानाचा हिशेब ठेवणारा माणूस असा कागद लगेच वाचतो.

आणि परीक्षा झाली की, पुण्याला निघायच्या आधी, त्या आरोग्य केंद्रात एकदा जाऊन ये. मूळ वही मागून घे. दिवसाच्या आणि रात्रीच्या पाळीच्या नोंदी वेगळ्या करून पाहिल्यास का? त्या केंद्रात वजनाचा काटा कधी बदलला, ती तारीख सिस्टरना विचारलीस का? जुना काट्याचा असेल आणि नवा डिजिटल, तर त्या तारखेच्या आधी आणि नंतर अडीच किलोवरची गर्दी तितकीच राहिली की कमी झाली? मला कळव. मी वाट पाहते आहे.

तुझी,
मॅडम